कमी फेरे

जेल रोडच्या भंगारातून उचललेला सर्व्हर
परदेशीपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत
वर्षभर केकाटत होता.
आत चार पंखे, तळहातात मावतील एवढे,
आणि तोंड हे एवढं.

खालच्या मुळ्येबाई दोनदा वर येऊन गेल्या.
वसुधा उशी उचलून गच्चीवर.
दादा मात्र त्याच खोलीत ढाराढूर.
मिलच्या लूमखात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस.

काल पंखे बदलले.
स्क्रू चहाच्या बशीत, वायरी कापून पुन्हा जोडलेल्या.
बटण दाबलं. अर्धा मिनिट नुसती झुळूक,
मग चारही एकदम चवताळले. लाल दिवा.
त्याच्या हिशेबात
इतका हळू फिरणारा पंखा म्हणजे मेलेला पंखा.

दीडपर्यंत त्याची समजूत घालत बसलो.
खालची मर्यादा सहाशेवरून तीनशेवर आणली.
यालाही जिवंत म्हण, भिया.

म्हणाला.

मग घड्याळ ऐकू आलं, मोरीतला नळ,
आणि खाट करकरली.
दादा उठून बसले, पायांनी चपला शोधत:
"पट्टा तुटला काय?"

चालू आहे, म्हटलं. पटेना.
आले, पत्र्यावर हात ठेवला,
बराच वेळ ठेवला.
थरथर लागली तेव्हा म्हणाले, "हं."
पण आडवे झाले नाहीत.

आज जुन्यांतला एक पंखा
अडॅप्टरला जोडून त्यांच्या खाटेखाली ठेवलाय.
पूर्ण वेगात.
त्याला थंड करायला काहीच नाही.