पन्नास चौरस इंच

माझं मनगट प्लास्टरमध्ये आहे,
म्हणून आज ओट्याशी रेइनो उभा आहे.
चाळीस वर्षं हॅनकॉकची छपरं शाकारलेला माणूस,
कानावर चपटी पेन्सिल,
अंगात माझा फुलाफुलांचा एप्रन, मागची गाठ जेमतेम बसलेली.

"किती लागेल?"
पुरेल एवढं, मी म्हणते.
हे उत्तर त्याला चालत नाही.
पुरेल एवढं म्हणून कुणी छपराचा माल मागवत नाही.

वीजबिलाच्या पाठीवर तो आकडे मांडतो.
खालचा केक दहा इंचांचा, वरचा सहाचा,
उंची दोघांचीही चार.
व्यास, अधिक दोनदा उंची:
एक पोळी अठरा इंचांची, एक चौदाची.
छत्तीस औंस खाली, अठरा वर.
एक पिशवी मार्शमेलो, दोन पौंड पिठीसाखर,
मिळून अठ्ठेचाळीस.
"सहा औंस कमी पडतात,"
एखाद्या घरमालकिणीला सांगावं तसं म्हणाला,
बाई, तुमचे वासे कुजलेत.

दोन पिशव्या घे.
"मग बेचाळीस उरतील."
उरू देत.
"बेचाळीस, हेल्वी."

मार्शमेलो वितळले, फुगले, भांड्याबाहेर डोकावले.
त्याने साखर ओतली आणि कोपरापर्यंत अडकला.
हाताला तूप लाव म्हणून मी आधीच सांगितलं होतं.
आता नाक खाजत होतं त्याचं,
ते मी माझ्या डाव्या हाताने खाजवलं.
लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली,
हे काम पहिल्यांदाच.

मग तो मध्येच थांबला.
पेन्सिल पांढरी, बिल चिकट.
"केकचा माथा आणि भिंत धरून दोनशे चार चौरस इंच.
पोळी मात्र दोनशे चोपन्न.
वरचे पन्नास जातात कुठे?"

कुठे जातात?
खाली, काठाशी, चुण्या होऊन गोळा होतात.
तिथे कात्री चालवायची नाही,
ओढायचंही नाही, ओढलं की माथ्याला भेग.
तळहात सपाट ठेवायचा
आणि चुणी हळूहळू उलगडत खाली न्यायची,
रुसलेल्या पोराला दारापर्यंत न्यावं तशी, न बोलता.
पन्नास इंच एकमेकांत जिरतात.
कसे, ते मला कागदावर दाखवता येत नाही.

"पत्रा असा जिरत नाही," तो म्हणाला.
पहिली पोळी फाटली.
दुसरीही, कडेला, पण ती बाजू भिंतीकडे केली.
तेव्हा बेचाळीस औंसांबद्दल तो काही बोलला नाही,
मीही नाही.
(मी बोलले. एकदाच.)

केक लूशियन दुप्वीसाठी.
एकतीस हिवाळे त्याने गावाचा बर्फ लोटला,
पहाटे चारला, पिवळा दिवा फिरवत.
रस्ता मोकळा करायचा
आणि सगळा ढीग आमच्या दारात लावून जायचा.
त्याच ढिगावरून मी घसरले, जानेवारीत.
त्याला ते माहीत आहे. फुलं पाठवली होती.

टाउनशिपच्या हॉलमध्ये सगळ्यांनी केक बघितला.
गुळगुळीत, पांढरा,
छपरावर रात्रभर पडून सकाळी कुणी न तुडवलेल्या बर्फासारखा.
"रेइनो, तू?"
"मी," तो म्हणाला, आणि एप्रन नसतानाही
पाठीमागे गाठ चाचपली.

लूशियनला पहिला तुकडा.
त्याने काटा आडवा धरला,
तिरका, पात्यासारखा,
आणि एका दमात सगळं पांढरं खरवडून
बशीच्या कडेला लोटलं.
आतला केक मोकळा झाला. तो खायला लागला.
बशीच्या काठाशी ढीग,
बरोब्बर माझ्या बाजूला.

रेइनो ढिगाकडे बघत राहिला.
"दोन औंस," तो पुटपुटला.
मी म्हटलं, अडीच.