लोकर

नारीनच्या बाजारात, टपरीतल्या हीटरपाशी
तोक्तोसुननं तीन केबली माझ्यापुढे टाकल्या.
"बॅटरीच मेली म्हणतात सगळे. नवी घाल."

मी आधी भोकात टॉर्च मारला.
घाईच्या माणसाची बॅटरी नेहमीच मेलेली असते.

फोन बंद केला. लाकडी काडीनं
कान कोरावा तशी हळू कोरत गेले.
निघाली करड्या लोकरीची घट्ट गुठळी,
निघतच राहिली.

"मार्चमधलं कोकरू," तो म्हणाला. "आई गेली त्याची.
नऊ रात्री ह्याच कोटात, पोटाशी."
पुढचं मी विचारलं नाही.

केबल खटकन बसली.
एक टक्का.
फोनकडे त्यानं पाहिलंही नाही,
गुठळी चिमटीत धरून
हुंगत उभा राहिला
चार टक्के होईस्तोवर.