गीतलेखन, एकरकमी

सिनेमा चालला तेव्हा हिशेब मी लिहीत होतो,
वीरा देसाई रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
खाली टायरवाला, वर डबिंग.
चौदाव्या आठवड्यात मालकांनी पेढे आणले
आणि म्हणाले, कामेरकर, तोटा दिसू दे.

तोटा दाखवणं अवघड नसतं.
पोस्टरं, प्रिंटा, वाईच्या शूटिंगमधलं जेवण,
व्याज, व्याजावरचं व्याज,
मालकांच्या मेव्हण्याची सल्ला-फी.
दिग्दर्शकाला नफ्यात पंधरा टक्के होते.
माझ्या टेबलापाशी उभा राहून तो हसला,
"अहो, बाहेर हाउसफुल्लचा बोर्ड लागलाय!"
मी वही त्याच्याकडे वळवली.
बेरीज माझी कधी चुकत नाही.

सोनवडेकरांचं तसं नव्हतं.
त्यांचं गाणं शूटिंगआधीच घेतलेलं, अकरा हजारांत.
सात दिले, चार राहिले,
कारण तिसरा अंतरा व्हायचा होता.
दर मंगळवारी यायचे,
चपला दाराबाहेर काढून बाकावर बसायचे
दवाखान्यात बसावं तसे.
एकदा म्हणाले, "संध्याकाळला काय म्हणता हो
तुमच्या मालवणात?"
मी मान वर न करता म्हटलं, तिनसान.
एका कोऱ्या व्हाउचरच्या पाठीवर त्यांनी लिहून घेतलं,
खाली तिथेच अंतरा.
पुढच्या मंगळवारी त्याच व्हाउचरवर चार हजार उचलले,
रेव्हेन्यू स्टँपवर सही.
मी पंच मारला. भोक
नेमकं 'न'मधून गेलं.

परवा मुलुंडला, भाचीच्या हळदीत,
ते गाणं लागलं.
तिसऱ्या अंतऱ्यात त्या शब्दाशी
पोरं थांबतात, हात वर करतात, ओरडतात.
ज्यांनी मालवण पाहिलं नाही तीही.
केटरिंगच्या रांगेत सोनवडेकरांची शर्वाणी भेटली.
ते जाऊन सहा वर्षं झाली.
आता नियम बदललेत, काहीतरी येतं म्हणाली,
आणि मोबाइल पुढे केला:
जमा रुपये दोनशे बारा, पैसे चाळीस.
मग विचारलं,
बाबांच्या हातचं काही उरलंय का हो तुमच्या ऑफिसात?

मी ताट धरून उभा.
आठ वर्षं झाली की फायली काढायच्या असतात.
मीच काढल्या. बोरिवलीचा रद्दीवाला आला होता,
नऊ रुपये किलोने नेल्या.
सहाशे चाळीस झाले.
तेवढे मात्र मी
जमेच्या बाजूला धरले होते.