पीळ

डेलबर्टच्या करवतीखालून आलेल्या ॲशच्या अकरा फळ्या
दोन हिवाळे गॅरेजात निजून आहेत,
मधे काड्या घालून, वारा खेळता ठेवून.
झाड माझ्याच अंगणातलं. हिरव्या किड्यानं सालीखाली
आपलं गिचमिड लिहिलं, आणि ते उभ्या उभ्या वाळलं.
फळ्या कुठे सव्वा इंच, कुठे जेमतेम एक.
डेलबर्टचा हात हल्ली थरथरतो, त्याला काय बोलायचं.

टेबल करायचं आहे. सहा माणसांचं.
हातरंध्यानं एक फळी काढली:
तीन संध्याकाळी आणि एक खांदा.
धड खांदा मला एकच होता. दुसरा
स्कूलबसचं दार उघडता-मिटताना
तेवीस वर्षांत गेला.

म्हणून यंत्र. बाकावर मावेल,
भिंतीतल्या साध्या सॉकेटवर चालेल,
पेन्शनच्या पोटाला फार चिमटा काढणार नाही, असं.
हँकॉकच्या दुकानातला पोरगा समजावत होता:
हे तीन पात्यांचं. हे मळसूत्री दात्यांचं,
बोथट झाले की दाते नुसते फिरवायचे, आवाजही कमी.
किंमत ऐकून मीच बोथट झाले.
सगळ्यात स्वस्त खोक्यावर हात ठेवला तर म्हणाला,
"चालतं हे. पण फळीच्या टोकाला चावतं.
शेवटच्या दोन इंचांत रूळ सुटतो, पातं खोल जातं."
मी म्हटलं, शेवटच्या दोन इंचांत
सगळ्यांचंच काही ना काही सुटतं, बाळा.
तो हसला नाही. एकोणीस वर्षांचा असेल.

मग ऑरविल केस्किनेनकडे, जुनं बघायला.
तलावावरून येणारा बर्फ त्याच्या दारापर्यंत साचलेला,
मधे एका माणसापुरती वाट.
"कान झाक!" तो ओरडला. त्याचं स्वतःचं
आता कुणी ओरडल्याशिवाय आत जात नाही.
बटण दाबताच दिवा मलूल झाला,
मेपलचा तुकडा आत गेला, भुसा उडाला,
बाहेर आला तो अंगभर एक उभी रेघ घेऊन.
पात्याला खाच होती. "खिळा," ऑरविल म्हणाला.
"माझा नव्हे. जावयाचा."

मी हातमोज्यावर हिशेब मांडला:
यंत्राचे दोनशे दहा, नव्या पात्यांचे पंचावन्न,
नवीन घेतलं तर चारशे वीस, आणि चावणं आहेच.
एकशे नव्वद म्हटलं.
तो बराच वेळ बर्फाकडे बघत राहिला
आणि मग किमतीबद्दल बोललाच नाही.

"एक ध्यानात ठेव. हे वाकडी फळी सरळ करत नाही.
खालची बाजू जशी, तशीच वरची करतं.
वाकडी घालशील, वाकडीच बाहेर येईल,
फक्त पातळ आणि गुळगुळीत."

वाइनोची नि माझी वाटणी आठवली.
वकिलानं दोन्ही बाजू समसमान केल्या होत्या,
कागदावरून बोट फिरवलं तर कुठे अडणार नाही.
पीळ मात्र आहे तिथेच. सुंभ जळायचीही
कुणी वाट पाहिली नाही. नऊ वर्षं झाली.

"मग करायचं काय?" मी ओरडले.
"खाली सपाट पाट घे. फळी जिथे अधांतरी असेल
तिथे पाचरी सरकव, दाबू नकोस.
दाबलेली फळी यंत्रात गुमान सरळ होते,
बाहेर आली की पुन्हा मूळपदावर."
एकशे नव्वदला दिलं. पाट वर फुकट.

आता रोज दुपारी, शेजारणीची झोप झाल्यावर,
एका फेरीत इंचाचा बत्तिसावा भाग. जास्त नाही.
हाव केली की फ्यूज उडतो,
अंधारात चाचपडत जिना उतरावा लागतो.
गुडघाभर भुसा, आणि राखाडी मळाखालून
वर येणारी ती पिवळसर रेषांची वळणं,
ज्या वर्षी फार बर्फ झाला त्या वर्षीची रेघ जवळजवळ नाहीच.
यंत्र चावतं. मी फळ्या चार इंच लांबच ठेवल्या होत्या.

सात झाल्या.
आठवीला पीळ आहे, कोपऱ्यावर बोट ठेवलं की डुगडुगते.
बाकाखाली वाकून पाचर शोधते आहे,
फोन वरच राहिला आहे, स्वयंपाकघरात.