कळवणाऱ्याचं नाव

दिवाडीच्या मानशीवर एक डबा आहे,
खाजनात पाणी किती चढलं ते मोजणारा.
कायतान म्हणाला, "भरती आयली की दिवो पालवता."
मी हसले.
सेन्सर बदलला, वायर बदलली,
दिवा विझतच राहिला.

मग लॉग वाचला:
डबा झोपेतून उठतो
आणि तीच मेमरी दोनदा सोडतो.
चूक माझ्या कोडात नव्हती.
खाली होती, पार कर्नलमध्ये.

जुनी आवृत्ती धड, नवी आजारी,
मधे अकरा हजार बदल.
निम्मे ठेव, निम्मे टाक, चढव,
पाण्याची वाट बघ.
चौदा भरत्या गेल्या. आठवडा.
एक तर पहाटे तीनची, लॅपटॉपवर छत्री धरून.

उगमाकडच्या माणसांना लिहिलं:
यंत्र कुठलं, केव्हा पडतं, केव्हा नाही.
"बहुतेक" खोडलं. "मला वाटतं" खोडलं.
उत्तर आलं दीड ओळीचं:
हे ठिगळ लावून बघा.

लावलं. पाणी चढलं. दिवा तसाच.

कळवणाऱ्याचं नाव काय घालू, त्यांनी विचारलं.
माझं अर्धं टाइप केलं होतं.
पुसलं.
कायतान फुर्तादो, मानशीचा राखणदार.

त्याला सांगितलं तर म्हणाला, बरें.
अजून रोज रात्री टॉर्च घेऊन जातो,
दिवा बघायला.