तैवीच्या काठी, अंधार पडताना

"पलीकडच्या गाईंचे पांढरे ठिपके विझेस्तोवर
पाण्यात पाय घालायचा नाही," इदवल म्हणतो.
"गाई कसल्या बघता? वटवाघळं मोजा,
सात झाली की उतरा." ही एलिनेद,
दातांची डॉक्टर. तिची गाठ कधी सुटत नाही.

दोर मागे फेकलास की थांब.
किती?
आपलं नाव मनात घेण्याइतकं.
माझं नाव ह्यू. एवढुसं.
म्हणून तर माझी नकली माशी दरवेळी
मागच्या झाडात.

यंदा इदवलचा हात कापतो.
गळाच्या नेढ्यातून धागा जात नाही,
आणि टॉर्च लावायचा नाही हा नियम त्याचाच.
न बोलता तो माशी माझ्या तळव्यावर ठेवतो:
काळी, त्याच्या गेलेल्या कुत्रीच्या
शेपटीच्या केसांची.
मी चाचपडत ओवतो, उरलेलं टोक दातांनी तोडतो.

एकच्या सुमारास खालच्या डोहात
धपकन् काहीतरी. रिळाची करकर.
मग बराच वेळ नुसतं पाणी.

"केवढा होता?" एलिनेद अंधारालाच विचारते.
"गेला. माशी घेऊन गेला समुद्राकडे."
थर्मासचं झाकण फिरवल्याचा आवाज.
"बेतीला पोहायचं वेड होतंच तसं."