मुद्रितशोधन

प्लॅस्टिकचं आवरण सोडवलं तेव्हा रात्रीचे साडेनऊ.
कोमट पाणी, बिनवासाचा साबण,
चोळायचं नाही, टिपायचं –
आविष्कारने हे सगळं वहीच्या पानावर लिहून दिलं होतं,
त्यात सहा चुका. मी लाल केल्या नाहीत.
त्याच्या पाटीवरसुद्धा 'अविष्कार टॅटू',
कर्वेनगरच्या त्या जिन्यात काना कुठेतरी गळून पडलेला.
तिथूनच मागे फिरायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शाईचं पाणी पाझरलं,
उशीच्या अभ्र्यावर निळसर ओघळ,
आणि चष्मा लावून पहिल्यांदा नीट वाचलं:
हळुहळू.
पहिला उकार ऱ्हस्व. दीर्घ हवा.

एकतीस वर्षं अप्पा बळवंत चौकात
मी दुसऱ्यांचे उकार लांबवत आले.
एका कादंबरीत हाच शब्द एकशे चार वेळा,
एकशे चार वेळा दुरुस्त.
आणि स्वतःच्या हातावर, साडेतीन हजार मोजून!
कातडीवर छापा उमटवून पोरगं म्हणालं, "बघून घ्या मॅडम."
चष्मा पर्समध्ये होता.
मी म्हटलं, छान.

आता या चुकीची निगा राखायची.
दिवसातून तीनदा धुवायची,
मलम पातळ – चकाकेल इतकंच, बुजेल इतकं नाही.
ऊन लागू द्यायचं नाही. स्कूटरवर सनकोट चढवते,
नळ स्टॉपच्या सिग्नलला थांबलं
की बाहीच्या आत ती चुरचुरते,
आपण आहोत याची आठवण करून देते.

खाजवायचं नाही.
पाचव्या दिवशी अशी खाज सुटली
की हात आपोआप लाल पेनाकडे गेला.
मग शेजारच्या कातडीवर थापट्या मारत बसले,
गुन्हा एकाचा, मार दुसऱ्याला.
रंगपंचमीला आतून कडी.
खालून सोसायटीतली पोरं ओरडली, काकू, या ना!
खिडकीतून हात हलवला, उजवा.

मग खपल्या. काळ्या, बारीक,
खोडरबराच्या चुऱ्यासारख्या.
एक टॉवेलवर सापडली, उकाराच्या शेपटीची असावी.
क्षणभर वाटलं, निघून जाईल सगळंच.
खाली तेच होतं. ओलं, गुलाबी, अधिक ठळक.

मलम रत्नाकर लावतो.
त्याचा उजवा हात अजून ठेवल्या जागी राहतो.
डाव्या बोटांना काम द्या, थेरपिस्ट बाई म्हणाल्या होत्या,
कणीक मळू द्या, मणी ओवू द्या.
मणी त्याने पलंगाखाली भिरकावले.
मलम मात्र लावतो, जीभ दातांत धरून,
वाटाण्याएवढं सांगितलं की लिंबाएवढं घेतो,
अर्धं माझ्या गाउनला.
"अरे, थोडंसं," मी म्हणते.
तो तेच म्हणतो, जे गेल्या आषाढापासून म्हणतोय
पाण्याला, गोळीला, पेपरवाल्याला,
चहा सांडला तर चहाला,
आणि मला हाक मारायची असली तरी.
एवढा एकच शब्द त्याच्याकडे उरलाय.

काल कान देऊन ऐकला.
सुरुवातीला श्वास पुरत नाही त्याला,
पहिला उकार तोंडातल्या तोंडात तुटतो.
मग थोडं थांबणं. मग दुसरा,
भिंतीला धरून बाथरूमपर्यंत चालावं
तसा लांब, लांब.

आविष्कारचा फोन आला होता.
महिन्याने टच-अप फुकट असतं मॅडम,
काही बारीक राहिलं असेल तर ओढून देतो.
म्हटलं, बघू.

रत्नाकरने बोटं पुसली नव्हती.
शब्दाखाली मलमाचे चार ठिपके उमटले होते,
ओळीत, जवळजवळ सारख्या अंतरावर.
प्रेसमध्ये आम्ही असेच ठिपके द्यायचो,
खोडलंय खरं, पण राहू द्या, असं सांगायला.
त्याला हे ठाऊक असायचं कारण नाही. तो बँकेत होता.
जास्तीचं टिपायला मी कापूस घेतला,
मग आठवलं, कापूस नाही, तंतू चिकटतात.
टिशू आतल्या खोलीत होते.
उठले नाही.